एक वार, दोन वार

डोकमर्डी, सिल्वासा
२ सप्टेंबर २०२४

चि. अरविंद यास,
प्रभूच्या नावात अनेक आशीर्वाद वि. वि.

तुझं पत्र पोचलं. तुमच्या चर्चच्या मंडळीच्या इतिहासाचं सातवं प्रकरण पुरं झाल्याची बातमी वाचली, पण उषाच्या गुडघ्याबद्दल मी विचारलं होतं त्यावर एक अक्षर नाही. शंभर वर्षांपूर्वीच्या पाळकांना कोणता ताप आला होता ते तुला ठाऊक असतं, आणि घरातल्या बायकोचा गुडघा मला वैशालीकडून कळतो. पुढच्या पत्रात पहिली ओळ गुडघ्याची हवी.

इकडे सगळं बरं चाललंय. हर्षलची गलोंडा गावातल्या कारखान्यात पुन्हा रात्रपाळी लागली आहे, त्यामुळे माझा लेक दिवसा झोपतो आणि सून वैशाली शाळेत शिकवून आली की दोघं चहाला तेवढे भेटतात. दमणगंगेला पाणी भरपूर आहे. खानवेलचा झुंबर परवा येऊन गेला. मी तिकडच्या दवाखान्यात नर्स होते तेव्हापासूनची ओळख, अजून धरून आहे. यंदा मंडळीच्या हंगामाच्या सणाला परसातला भोपळा आणणार म्हणून आत्ताच सांगून गेला.

आता माझं सांगते, आणि नीट बसून वाच. उन्हाळ्यात बसलेला आवाज उठलाच नाही. मी जन्मभर दुसऱ्यांना दवाखान्यात पिटाळलं आणि स्वतः आल्याचा काढा पीत राहिले, दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. शेवटी वैशालीने मला वापीच्या घशाच्या डॉक्टरांकडे नेलं. स्वरयंत्रावर गाठ आहे आणि ती वाईट जातीची आहे. पसरलेली नाही, त्यामुळे काढली तर मी वाचेन असं ते म्हणतात. पण तिच्याबरोबर स्वरयंत्रही जाईल आणि आवाज कायमचा जाईल. ऑपरेशन सुरतेला आहे. आधी साखर खाली आणायची, दोन दात काढायचे, म्हणून तारीख २४ ऑक्टोबरची दिली आहे. आमचा हंगामाचा सण त्याआधीच्या रविवारी आहे, तेवढं बरं झालं.

रडून झालं आहे. वैशाली माझ्याहून जास्त रडली, मग मीच तिला चहा करून दिला. प्रभूने आजवर पुष्कळ दिलं, त्यात हा आवाजही त्याचाच होता. त्याला परत हवा असेल तर हुज्जत घालणारी मी कोण? थोडी घातली, पण तो आमचा दोघांचा मामला आहे.

तुझ्याकडे एक मागायचं आहे. तुला फोन करणं म्हणजे भिंतीला हाक मारणं, म्हणून तर एवढ्या मोबाइलच्या काळात आपण दोघं पोस्टाची तिकिटं चाटतोय. तुझ्या लेकीने हौसेने आणून दिलेलं कानाचं यंत्र बनियनच्या घडीखाली पडून असतं, हे मला उषाकडून कळलं. ते काढ, कानात घाल आणि आवाज जायच्या आधी एकदा इकडे ये. मला ऐक. मी काय बोलेन ते ठरलेलं नाही, कदाचित तुला शिव्याच घालेन. पण माझं बोलणं ऐकून तुझ्या चेहऱ्यावर काहीतरी हललेलं मला एकदा पाहायचं आहे. बाकी काही नको.

उषेला आशीर्वाद. माझ्या पत्रांवर आहे तेवढंच प्रेम माझ्या मागण्यांवरही असू दे.

तुझी,
सुलभाताई

*

नाशिक
९ सप्टेंबर २०२४

ती. सुलभाताईस,
सप्रेम सलाम वि. वि.

उषाचा गुडघा पूर्वीपेक्षा बरा आहे.

तुझे पत्र दोनदा वाचले. त्या दिवशी आठव्या प्रकरणाला हात लावला नाही. आपल्या घरात आवाज होता तो वडिलांचा, दादांचा, आणि त्यांच्यानंतर तुझा. मला मिळाले ते फक्त हस्ताक्षर. तेव्हा तुझी बातमी मला कशी लागली असेल ते मी लिहिणार नाही, लिहिता येणारही नाही. आमच्या मंडळीत तुझ्यासाठी प्रार्थना सुरू केली आहे.

तथापि हळहळत बसण्याने वेळ थांबत नाही. मी तुझ्याहून लहान असलो तरी आयुष्य शाळा चालवण्यात घालवले आहे, आणि अपुऱ्या वेळात अभ्यासक्रम कसा पुरा करावा हे मला चांगले कळते. सोबत एक वेळापत्रक जोडले आहे. निळ्या शाईच्या तासिका मौनाच्या, तांबड्या शाईच्या गाण्याच्या. दादा सायकलवरून गावोगाव फिरून जी स्वतः रचलेली भजने गात, त्यांचे शब्द माझ्याजवळ जपून आहेत. पण चाली त्यांनी कधी कोठे उतरवल्या नाहीत. त्या आता फक्त तुझ्या गळ्यात आहेत. हर्षलच्या फोनवर त्या एकेक करून ध्वनिमुद्रित कराव्यात. उरलेला आवाज तेवढ्यासाठीच राखून ठेवावा.

वेळ ही देवाने आपल्याजवळ ठेवलेली ठेव आहे आणि तिचा हिशेब द्यावा लागणार आहे, हे मी तुला शिकवावे असे नाही. म्हणूनच स्पष्ट लिहितो. बालवर्गाला गाणी शिकवणे, भाजीवाल्याशी गुजरातीत घासाघीस आणि शेजारणींशी दारातल्या गप्पा तूर्त बंद असाव्यात. हंगामाच्या सणातला लिलाव तर अजिबात नको. परमेश्वराच्या मंदिरात भोपळे ओरडून विकण्यात दादांच्या लेकीने शेवटचा आवाज घालवावा, हे मला सहन होणार नाही. ते काम हर्षलला द्यावे.

माझ्या येण्याविषयी. ते यंत्र लावले की पंखा, भांडी, रस्ता सारे एकदम डोक्यात शिरते आणि माणूस तेवढा ऐकू येत नाही. त्याच्या सवयीला महिने लागतात. मंडळीची शताब्दी फेब्रुवारीत आहे आणि इतिहासाची पाच प्रकरणे बाकी आहेत. माझाही प्रत्येक तास नेमलेला आहे. ऑपरेशननंतर जरूर येईन. तेव्हा तुला लिहून बोलावे लागेल आणि त्या बाबतीत मी तुला उपयोगी पडेन.

वेळापत्रक दिसेल अशा जागी लावावे. या धाकट्यावरचा लोभ कमी न व्हावा.

तुझा,
अरविंद

*

डोकमर्डी
२४ सप्टेंबर २०२४

चि. अरविंद यास,
अनेक आशीर्वाद वि. वि.

वेळापत्रक फ्रिजच्या दारावर लावलं. पहिल्या दिवशी हर्षलने तास बदलला म्हणून स्टीलच्या ताटावर पळी हाणली, तेव्हा सगळी चाळ जेवायला उठली. पण थट्टा सोड, मी तुझं ऐकलं. गळ्यात पाटी अडकवून फिरले. मीठ हवं असलं तरी लिहून मागितलं.

मग काय झालं ते ऐक. आमच्या भिंतीपलीकडे बायडाबाई राहतात, धुळ्याकडच्या. नवरा आणि मुलगा दोघं प्लास्टिकच्या कारखान्यात आहेत. त्यांनी पाटी पाहिली आणि सुलभासिस्टरने मौन धरलंय असं समजून चालल्या. ख्रिस्ती बाई मौन धरते म्हणजे तिने देवाकडे काहीतरी जबरदस्त मागितलं असणार, असा त्यांचा हिशेब. दुसऱ्या दिवशी नारळ घेऊन आल्या. मी घाईघाईने पाटीवर घशाचं दुखणं लिहिलं, पण त्यांचा चष्मा घरी राहिला होता. त्यांनी पाटीलाच हात लावून डोळ्यांना लावला. पुढे चारपाच बायका आल्या. एकीला मुलाची नोकरी हवी होती, एकीला नवऱ्याची दारू सुटायला हवी होती. तुझ्या निळ्या शाईने मला डोकमर्डीत संतपदाला पोचवलं आहे. शेवटी वैशालीने दारात उभं राहून सगळ्यांना खरं सांगितलं, तेव्हा बायडाबाई माझा हात धरून रडल्या. नारळ मात्र परत नेला नाही. त्याची चटणी केली.

चालींचं म्हणशील तर दोन झाल्या. फोन डब्याला टेकून उभा करायचा आणि त्याच्या काळ्या काचेकडे बघत गायचं. तिसऱ्या चालीला मला वाटलं की मी कुणाच्यातरी मयताला गातेय, आणि मयत माझंच आहे. आवाजच फुटेना. दादांनी एक चाल तरी माणूस समोर नसताना गायली होती का रे? आणि हे सगळं भरून ठेवलं तर ऐकणार कोण? तू?

गेल्या आठवड्यात बायडाबाईंची सून सोनी दुपारी दारात आली. तिचं बाळ महिन्याचंही नाही आणि रडायचं थांबत नव्हतं. ती पोर स्वतःच रडकुंडीला आलेली. वेळापत्रकात तेव्हा निळी तासिका होती. मी पाटी काढून सोफ्यावर टाकली, बाळ घेतलं, पोट शेकलं, आणि आपल्याला दादा झोपवायचे ते गाणं म्हटलं. बाळ झोपलं, सोनीही बसल्या जागी डुलकायला लागली. चाल तिने एका दुपारीत उचलली. शब्द मात्र सगळे बदलून टाकले. आपल्या बेथलेहेमच्या बाळाच्या जागी आता मना राजा, म्हणजे माझा राजा, असं तिच्या खानदेशी बोलीतलं काहीतरी आहे. मी दुरुस्त केलं नाही. रोज दुपारी भिंतीपलीकडून दादांची चाल ऐकू येते आणि मी भांडी घासायची थांबते.

रविवारी पाळकसाहेबांनी धन्याचं नाणं रुमालात बांधून जपून ठेवणाऱ्या चाकरावर उपदेश केला. त्याने बिचाऱ्याने काही उडवलं नव्हतं, नीट सांभाळलंच होतं, तरी धनी त्याच्यावरच रागावला. मला फ्रिजवरचं वेळापत्रक आठवलं आणि मी घरी येऊन ते काढलं. घडी करून ठेवलंय, फाडलं नाही. तुझं अक्षर सुंदर आहे.

तेव्हा लिलाव मीच करणार. तुला तो बाजार वाटतो, ठाऊक आहे. पण आमची मंडळी अशी आहे की कुणी नंदुरबारकडचा, कुणी खानवेलचा, कुणी कोकणातला, सगळे कारखान्याच्या पाळ्यांत अडकलेले. वर्षातून एकदा कुणी लिंबं आणतं, कुणी कोंबडा, कुणी कुंडीतल्या चार मिरच्या. ते देवापुढे ठेवायचं आणि मग एकमेकांचं एकमेकांनी हसत विकत घ्यायचं. त्या दिवशी सगळे एकमेकांना नावाने ओळखतात. मी सिल्वासात आल्यापासून तिथे उभं राहून ओरडतेय. यंदा गप्प बसले तर माझा आवाज ऑपरेशनच्या आधीच गेला म्हणायचा.

पुन्हा मागते. सणाला ये. सकाळी आवाज थोडा असतो.

रागावलास तरी लोभाला कात्री लावू नकोस.

तुझी,
ताई

*

नाशिक
१ ऑक्टोबर २०२४

ती. ताईस,
सलाम वि. वि.

पत्र वाचून खेद झाला. दोन चाली मुद्रित झाल्या याचे समाधान आहे, पण बाकीच्या सोडून तू एक चाल शेजारणीच्या सुनेला दिलीस आणि तिने दादांचे शब्द पुसून टाकले. याला मी ठेव उधळणे म्हणतो. ध्वनिमुद्रण मी माझ्यासाठी मागितले नव्हते, पुढच्या पिढ्यांसाठी मागितले होते. उपदेशातला दाखला तू कोठल्या कोठे नेलास. त्यावर वाद घालण्यास माझ्याजवळ वेळ नाही.

माझ्या कानांचा विषय या पत्रव्यवहारात पुन्हा नको. त्यांच्यावाचून माझे चालले आहे. हंगामाच्या सणाला मी येणार नाही. आठवे प्रकरण अर्धे झाले आहे आणि ते सोडून उठलो तर धागा तुटेल.

ऑपरेशनच्या दिवशी आम्ही दोघे उपास करून प्रार्थना करू.

तुझा,
अरविंद

ता. क. उषाचा गुडघा बरा आहे. निदान तसे तिचे ओठ हलले.

*

डोकमर्डी
५ ऑक्टोबर २०२४

ती. मामांस,
वैशालीचा सप्रेम सलाम.

आईंना न सांगता लिहितेय. पत्र लिहायची मला सवय नाही, शाळेचे रिपोर्ट सोडले तर हाताने काही लिहिणं होत नाही, तेव्हा चुकलं तर सांभाळून घ्या.

तुम्हाला एक गोष्ट माहीत नसेल. तुमचं पत्र आलं की आई ते ओट्याशी उभ्या राहून मोठ्याने वाचतात. मग मोठ्यानेच तुम्हाला उत्तर देतात, भांडतात, हसतात. एखादं वाक्य फार लागलं तर कुकरची शिट्टी होईपर्यंत तेच पुन्हा पुन्हा वाचतात. हे सगळं झालं की मग कागद घेऊन बसतात. मी लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं स्वयंपाकघरात कुणी पाहुणे आहेत. इतकी वर्षं त्या तुमच्याशी बोलतच आहेत, मामा. परवाचं पत्र मात्र त्यांनी मनात वाचलं आणि डब्याखाली ठेवून दिलं.

रोज संध्याकाळच्या प्रार्थनेत त्यांनी स्वतःच्या घशासाठी एकदाही मागितलेलं मी ऐकलं नाही. तुमच्या कानांसाठी मात्र रोज मागतात, आणि त्या मुद्द्यावर प्रार्थना इतकी लांबते की आमचा भात थंड होतो. मी विचारलं, ऑपरेशनची भीती वाटते का. त्या म्हणाल्या, मी नर्स आहे, सुरीची भीती नाही. भीती एवढीच की अरविंदाच्या कानात माझा आवाज शेवटचा कधी गेला ते त्यालाही आठवत नसेल आणि मलाही नाही.

सकाळी आवाज असतो. दुपारपर्यंत घोगरा होतो आणि संध्याकाळी नुसती फुंकर उरते. नाशिकहून थेट बस आहे, सणाच्या आदल्या दिवशी, शनिवारी निघालात तर दिवस मावळायच्या आत पोचता.

माझं बोलणं लहान तोंडी मोठा घास झालं असेल, तरी राग धरू नका. मामींना सलाम.

तुमची,
वैशाली

*

नाशिक
१२ ऑक्टोबर २०२४

चि. वैशालीस,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र आले त्या दिवसापासून यंत्र कानात आहे. पहिले दोन दिवस वर्तमानपत्राची घडी उघडली तरी छपराचे पत्रे कोसळल्यासारखे वाटे. माझ्या सपातांचा आवाज इतका असतो हे मला माहीत नव्हते. हळूहळू बरे आहे. गर्दीतली वाक्ये अजून कळत नाहीत, मागे राहून जातात. आकडे मात्र चटकन कळतात, म्हणून उषा रोज सकाळी माझ्यापुढे बसून आकडे म्हणते आणि मी ते परत म्हणून दाखवतो. शाळेतल्या पाढ्यांचा सूड ती उगवते आहे.

चहाचा कप ठेवताना तिचे ओठ हलतात, ते मी इतके दिवस साखर पुरे का असे विचारणे समजत होतो आणि मान हलवत होतो. ती दर वेळी माझ्यासाठी एका ओळीची प्रार्थना करते. हे मला परवा कळले.

आठवे प्रकरण थांबवले आहे. शंभर वर्षे थांबलेली मंडळी आणखी थोडी थांबेल. सणाच्या आदल्या शनिवारी येतो. ताईला आधी सांगू नकोस, तिचा उपदेश मला पत्राने नको आहे.

तुझा,
अरविंदमामा

*

डोकमर्डी, सिल्वासा
११ नोव्हेंबर २०२४

चि. अरविंद यास,
प्रभूच्या नावात अनेक अनेक आशीर्वाद वि. वि.

घरी आले. सुरतेचे डॉक्टर म्हणतात, गाठ पुरी निघाली. गळ्याला खाली एक भोक आहे, श्वास तिथून घ्यायचा. आरशात पाहिलं तेव्हा दचकले, मग नर्ससारखं पाहिलं आणि टाके चांगले घातलेत असं मनात म्हटलं. नाकाने वास येत नाही, त्यामुळे वैशालीची फोडणी जळली की ती आता निर्धास्त असते. पुढे गळ्याला टेकवून बोलायचं एक यंत्र मिळेल म्हणतात. डबड्यातून बोलल्यासारखा आवाज येतो. आला तर आला, मी ते बनियनखाली ठेवणार नाही.

आता सणाबद्दल लिहायलाच हवं, कारण तेव्हा आपलं नीट बोलणं कुठे झालं? शनिवारी तू दारात उभा राहिलास तेव्हा संध्याकाळ झाली होती. मी ओरडले, पण नुसती हवा निघाली. तू कानाकडे बोट दाखवत राहिलास आणि मी गळ्याकडे. मग आपण समोरासमोर बसून चहा प्यायलो आणि मला वाटलं, एवढ्या लांब आला आणि व्यर्थ गेला. मी देवाला त्याच खोलीत चार शब्द सुनावले.

सकाळी उपासना झाली. देवापुढचं सगळं टेबलावर मांडलं. लिंबं गेली, मिरच्या गेल्या, कोंबडा सुटून हार्मोनियमवर जाऊन बसला, तो पाळकसाहेबांनीच घेतला. मग झुंबरचा भोपळा आला. तू पार मागे, चपला काढतात तिथे उभा होतास. मी भोपळा उचलून दाखवला आणि बोली मागितली. तू हात वर करून पन्नास म्हणालास. मी पन्नास एक वार म्हटलं, तर तू साठ म्हणालास. मी साठ एक वार म्हटलं, तर तू सत्तर. दुसरं कुणी तोंड उघडलं नव्हतं. तुला वाटलं असणार, माझ्या तोंडून येतो तो आकडा दुसऱ्या कुणाचा आहे. तू स्वतःवरच चढत चाललास.

सभागृह हसून लोळलं. झुंबर डोक्याला हात लावून उभा राहिला, भोपळा साधाच आहे, बियाही साध्याच आहेत, असं सगळ्यांना सांगत सुटला. हर्षल तुला थांबवायला उठला, त्याला मी डोळ्यांनी खाली बसवलं. अरविंद, हे मी मुद्दाम केलं. आपला भाऊ फसतोय हे मला साठलाच कळलं होतं. चांगली बहीण असते तर थांबवलं असतं. पण मी आकडा म्हटला की पार मागे तुझा चेहरा हलत होता, आणि तू उत्तर देत होतास. किती वर्षांनी मी काही बोलले आणि तू लगेच उत्तर दिलंस! मला ते सोडवेना. भोपळ्याचा भाव खानवेलच्या बाजारात भोपळ्यांची गाडी येईल इतका झाला तेव्हा माझा आवाज चिरफळला. तू बोली थांबवलीस. मी एक वार म्हटलं, दोन वार म्हटलं, आणि तीन वार म्हटलं त्यानंतर आत काही उरलंच नव्हतं. डॉक्टरांनी गुरुवारी काढला तो रिकामा डबा होता.

त्या पैशांतून बालवर्गाला सतरंजी आली. तरी तुला फसवलं हे खरं, म्हणून सांगून टाकते. पुढच्या भाऊबीजेच्या ओवाळणीतून वळतं कर.

भिंतीपलीकडचं गाणं चालू आहे. बाळ आता हुंकार देतं. बायडाबाई रोज येतात आणि मी बोलू शकत नाही म्हणून दोघींच्या वाट्याचं त्याच बोलतात.

उषेच्या गुडघ्याला आणि तिला आशीर्वाद. लोभ ठेव, आणि यंत्राची बॅटरी वेळेवर बदल.

तुझी,
ताई

*

नाशिक
१८ नोव्हेंबर २०२४

ती. सुलभाताईस,
सप्रेम सलाम वि. वि.

उषाचा गुडघा थंडीने दुखतो आहे. हे मी तिच्या तोंडून ऐकले.

गाठ पुरी निघाल्याबद्दल रविवारी मंडळीत उपकारस्तुती केली. मी उठून दोन शब्द बोललो. माझाच आवाज मला मोठा वाटला, म्हणून लवकर बसलो.

भोपळा नाशिकपर्यंत मांडीवर आणला. कंडक्टरने त्याच्या तिकिटाविषयी विचारले. उषाने त्याचे घारगे केले, ते घरी पुरून मंडळीतही वाटले. बिया वाळवल्या आहेत. अर्ध्या झुंबरला पाठवतो. त्याला सांग, साध्या असल्या तरी चालतील. आठवे प्रकरण पुन्हा हाती घेतले आहे, पण संध्याकाळी नाही. संध्याकाळी उषा आणि मी बोलतो. विशेष काही नसते. सोनी गाते ते शब्द वैशालीकडून लिहवून घेऊन पाठव. दादांच्या भजनांच्या वहीत त्या गाण्याखाली थोडी जागा आहे.

तुझ्या पत्रात एक चूक आहे, ती दुरुस्त करणे भाग आहे. साठ मी चुकून म्हणालो हे खरे. सत्तर चुकून नाही. दुसरे कोणी बोली करत नाही हे मला झुंबरच्या चेहऱ्यावरून तेव्हाच कळले होते. पण आकडा वाढवला की तू तो मोठ्याने परत म्हणत होतीस आणि प्रत्येक आकडा मला स्वच्छ ऐकू येत होता. मी गप्प बसलो असतो तर तू तीन वार म्हणून संपवले असतेस. खिशात बसभाडे तेवढे उरले, म्हणून थांबलो.

तेव्हा भाऊबीजेतून काही वळते करणार नाही. लोभ आहे तेवढा पुरे, राखून मात्र ठेवू नकोस.

तुझा,
अरविंद